राखीव गोलकीपरने लिहिलेला इतिहास

२ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण तसंच महत्त्वाचं आहे. आमच्या ‘कुझ्नेत्स’ (म्हणजे लोहार) आइस हॉकी क्लबला डिसेंबरात पंचाहत्तर वर्षं होतात आणि क्लबचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. क्लबच्या वेबपेजवर नोटीस होती : ‘जुन्या आठवणी असल्यास पाठवा. मर्यादा एक पान.’ नोटीस सगळ्यांसाठी होती हे खरं, पण रोख कुणाकडे आहे ते कळतंच. मी सहा सीझन राखीव गोलकीपर होतो. खेळणाऱ्याला फक्त रबरी चकती दिसते, बाकावर बसलेल्याला सगळं दिसतं.
संकल्प : रोज दोन पानं. सकाळी उठाबशा. चहाबरोबर मुरंबा एकच चमचा.

३ ऑक्टोबर
उठाबशा नाहीत. गुडघा. पानंही नाहीत, टेबल डुगडुगत होतं. पायाखाली पुठ्ठा घातला, तर दुसरा पाय डुगडुगायला लागला. मोठ्या कामात पहिला दिवस तयारीतच जातो. मुरंबा चार चमचे, विचार करताना लागतो.

९ ऑक्टोबर
पहिलं प्रकरण पूर्ण. लढाई संपल्यावर ओतशाळेतली पोरं कारखान्यामागच्या तळ्यावर बर्फ झाडून खेळायला लागली. गोलचे खांब भंगारातल्या पाइपांचे, नडग्यांना जुनी मासिकं बांधलेली. मॅनेजर म्हणाला, दारू पिऊन पडण्यापेक्षा बर्फावर पडलेली बरी. झाला क्लब. सगळं अर्ध्या पानात बसवलं. पाल्हाळ मला मुळीच आवडत नाही.

१४ ऑक्टोबर
समोरच्या झोया कार्पोव्हनांना प्रकरण वाचून दाखवलं. त्या हिवाळ्यासाठी कोबी खारवत होत्या. म्हणाल्या, “प्रोखोरिच, तुमची थुंकी बरणीत पडतेय. तिकडे तोंड करून वाचा.” खिडकीकडे तोंड करून वाचलं. संपल्यावर वळून पाहिलं तर त्या मीठ आणायला आत गेल्या होत्या. कधी गेल्या कळलं नाही. तरी एकूण परिणाम चांगला वाटला.

२३ ऑक्टोबर
महत्त्वाचा निर्णय. इतिहासकार अलिप्त हवा. लिखाणात ‘मी’ हा शब्द येणार नाही. माझ्याबद्दल लिहायचंच झालं तर ‘तो’ म्हणून लिहीन, आणि तेही अगदी थोडक्यात.
पाचव्या प्रकरणाला सुरुवात : १९७९. आमचा पहिला गोलकीपर रोदिओन उशाकोव्ह. तिसऱ्या सत्रात त्याच्या गळ्यावर चकती बसली आणि मला आत पाठवलं. शेवटपर्यंत मी होतो. एक गोल झाला, पण तो आमच्याच माणसाच्या स्केटला लागून आत गेला, तो मोजायचा नाही. आम्ही जिंकलो. नावं पुकारणारा नेमका बुफेत सॉसेज खायला गेला होता, त्यामुळे माझं नाव कुणी पुकारलंच नाही. मास्क घातल्यावर सगळे गोलकीपर सारखेच. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘उशाकोव्ह अभेद्य’. माझी बायको रिम्मा स्टँडमध्ये बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, “आज पण नाही का रे सोडलं तुला आत?” मी सांगितलं. ती “बरं” म्हणाली. ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं.
त्यानंतर मला कधी आत जायला मिळालं नाही. माझी इच्छा एकच आहे. आइस पॅलेसच्या लाउडस्पीकरवरून एकदा पूर्ण नाव ऐकायचं. वेनियामिन प्रोखोरोविच शुबिन. बस.

५ नोव्हेंबर
पाचवं प्रकरण एक्केचाळीस पानांचं झालं. विषयच तसा आहे. नव्वदचं दशक मात्र दोन परिच्छेदांत आवरलं. तेव्हा कारखान्याकडे रोकड नव्हती, खेळाडूंना पगार म्हणून तवे द्यायचे. लोक हसतात. ते तवे ओतशाळेत मी ओतलेत. झोया कार्पोव्हनांकडे त्यातलाच एक आहे, अजून चिकटत नाही.

१२ नोव्हेंबर
पुस्तकासाठी फोटो हवा. क्लबच्या कपड्यांतला माझा एकच फोटो आहे, मास्क काढलेला. नुसता देणं बरं दिसत नाही. घरात चांगली फ्रेम एकच, रिम्माच्या फोटोची. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा मीच आणली होती. तिचा फोटो काढून साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. ती समजून घेईल.
फ्रेमच्या कोपऱ्यावरची काळी फीत निघाली नाही, मी तेव्हा फार पक्की चिकटवलेली दिसते. झोया कार्पोव्हना म्हणाल्या, “अहो, काळी फीत मेलेल्या माणसाच्या फोटोला लावतात. शुद्धीवर आहात का?” त्यांना हॉकीतलं काही कळत नाही. क्लबचे रंगच मुळी लाल आणि काळा. मी शेजारी लाल फीत लावणार होतो, पण घरात सापडली नाही. काळीने माझ्या जर्सीचं फाटलेलं कोपर झाकलं जातं.
संध्याकाळी फुलवालीकडे गेलो. दर महिन्याला रिम्मासाठी दोन फुलं आणतो. जिवंत माणसाला एक किंवा तीन द्यायची, गेलेल्याला जोडीनं. फुलवाली आता विचारत नाही, मला बघितलं की दोनच बांधते.

२० नोव्हेंबर
ग्रंथ सुपूर्द केला! क्लबच्या ऑफिसात एवेलिना नावाची मुलगी आहे, प्रसिद्धीचं सगळं तीच बघते. आधी गठ्ठा बघून घाबरली, मग पाचवं प्रकरण उघडलं, मग फ्रेममधला फोटो बघितला आणि उठून उभी राहिली. हळू आवाजात विचारलं, “तुम्ही ह्यांचे कोण?” मला अलिप्ततेचा नियम आठवला. म्हटलं, “त्याला माझ्याइतकं जवळून कुणीच ओळखत नाही.” तिने माझा हात हातात घेतला. म्हटलं, एकच विनंती, समारंभात त्याचं नाव लाउडस्पीकरवरून घ्या. म्हणाली, “नक्की घेऊ, आजोबा. शब्द देते.” डोळे ओले झाले होते तिचे. लेखणीची ताकद म्हणतात ती हीच.

४ डिसेंबर
निमंत्रण अजून नाही. पोस्टाचा कारभार. उशाकोव्ह प्रमुख पाहुणा असल्याचं वाचलं, त्याचं पोस्ट बरं वेळेवर पोचतं. वाट कशाला बघा, म्हणून दोन तिकिटं काढली. झोया कार्पोव्हनांना विचारलं. म्हणाल्या, “पैसे देऊन गारठायला? मी टीव्हीवर बघीन. तुम्ही दिसलात तर हात हलवीन.”
दुसरं तिकीट राहू दे. कोट ठेवायला जागा होईल.

११ डिसेंबर
आरशासमोर प्रॅक्टिस. नाव पुकारल्यावर एकदम उठायचं नाही. आधी थोडं आश्चर्य, मग उठायचं, मग उजवा हात. गुडघ्यामुळे आश्चर्य लांबतं. रिम्माचा फोटो दोनदा साखरेच्या डब्यावरून घसरला. ह्या आठवड्यात मुरंब्याची मोजदाद केली नाही.

१६ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळ
आत्ताच आलो. क्रमाने लिहितो.
माझी जागा सगळ्यात वर, खांबाच्या मागे. मान वाकडी केली की बर्फ दिसत होता. शेजारच्या खुर्चीवर कोट. आधी बँड, मग महापौर, मग हातोडा घेतलेलं एक फुगीर अस्वल, त्याचा क्लबशी संबंध मला कळला नाही. मग उशाकोव्ह बर्फावरच्या गालिच्यावर आला, काठी टेकत. पॅलेस दणाणून गेला.
मग दिवे मंद झाले. निवेदक म्हणाला, आता आपल्यात नसलेल्यांसाठी उभे राहू या. सगळे उठले. मीही टोपी काढून उठलो. आपलीच माणसं होती ती, किती जणांबरोबर एकाच बाकावर बसलो होतो. मोठ्या पडद्यावर एकेकाचा फोटो येत होता.
शेवटचा फोटो माझा होता. फितीसकट. कोपर दिसत नव्हतं.
“वेनियामिन प्रोखोरोविच शुबिन.” स्वच्छ, सावकाश, बापाच्या नावासकट. “ज्याने १९७९ च्या सामन्यात अखेरपर्यंत गोल राखला.” सगळा पॅलेस उभा होता. मी प्रॅक्टिस केली होती, त्यामुळे उजवा हात आपोआप वर गेला. मागचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला, “ओ आजोबा, हात खाली घ्या. लाज वाटत नाही का? माणूस गेलाय.”
हात खाली घेतला.
उशाकोव्ह डोळे पुसत होता. सर्दी असेल, पण वेळ नेमकी जुळली.
मॅच पाहिली नाही. ट्रॉलीबसने घरी आलो.

१७ डिसेंबर
सकाळी दारावर थाप. झोया कार्पोव्हना, हातात झाकलेली ताटली. दिवसकार्याला करतात तसली घावनं, गरम. म्हणाल्या, “काल टीव्हीवर तुम्ही मेलात. म्हटलं असं कसं, दुपारी तर जिन्यात केर टाकायला निघाला होतात. तरी केली. मेला असलात तरी लागतील, नसलात तरी लागतील.”
माझ्याच तव्यावर केलेली होती. दोघांनी मिळून खाल्ली. जाताना म्हणाल्या, “जाऊन सांगा त्यांना. जिवंतपणी हे असलं ऐकून घेऊ नका.”
बरोबर आहे. संकल्प : उद्या ऑफिसात जायचं. आवाज चढवायचा. जाहीर खुलासा मागायचा, तोही लाउडस्पीकरवरून. म्हणजे नाव दोनदा होईल.

१८ डिसेंबर
गेलो. एवेलिना रजेवर. दारावर सुरक्षारक्षक. म्हटलं, शुबिनचा फोटो न्यायला आलोय, आणि एक चूक दाखवायची आहे. तो आतून फ्रेम घेऊन आला, कागदात नीट गुंडाळलेली, वर दोन कार्नेशन बांधलेली. म्हणाला, “बर्फाजवळ ठेवली होती, लोकांनी फुलं वाहिली. आता दरवर्षी वर्धापनदिनाला ह्यांचं नाव वाचणार आहेत, साहेबांनी सांगितलंय. गेलेल्यांचंच वाचतात. काय चूक आहे म्हणालात?”
मी फ्रेम धरून उभा होतो. आवाज चढवायचा होता तो चढला नाही.
म्हटलं, “काही नाही. बरोबर आहे सगळं.”
“तुम्ही त्यांचे कोण?”
“शेजारी,” म्हटलं. वहीत सही केली आणि निघालो.
घरी आल्यावर माझा फोटो काढला आणि रिम्माचा पुन्हा फ्रेममध्ये घातला. फीत तिच्यासाठीच आणलेली, तिला नीट बसते. दोन फुलं तिच्यासमोर ठेवली. तिला सांगितलं, परवा नाव पुकारलं. पूर्ण नाव. त्या दिवशी आत मीच होतो, हे आता सगळ्या गावाला माहीत आहे.
मग एकट्यापुरता चहा टाकला. मुरंबा संपला आहे.