दोन तासांचा धीर

प्रिय आई,

मी बरा आहे, जेवतो वेळेवर. तुझे गुडघे कसे आहेत?

हिल्मा हाकालाबाईंच्या खुनाचा आरोपी सुटला. पेपरात वाचण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितोय. त्यांचा रक्ताने माखलेला कोट मीच त्याच्या शेडमध्ये शोधला होता, पण वॉरंट न घेता, कुलूप तोडून. वॉरंट मिळायला दोन तास लागले असते. कोर्टाने तो पुरावाच बाद केला आणि दुसरा काही नव्हता.

"राज्यघटना पोलिसांनाही लागू आहे, डेप्युटी," न्यायाधीश म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर हिल्माबाईंचे यजमान, म्हातारे एइनो, भेटले. वाटलं, शिव्या घालतील.

"न्यायाधीशांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "खाणीतल्या संपात पोलीस असेच आमच्या घरात घुसले होते. बापाला फरपटत नेलं. पण लेनार्ट, तुला दोन तास धीर धरवला नाही का रे?"

तिथून मी थेट ऑफिसात गेलो.

बिल्ला आमच्या शेरीफसाहेबांच्या टेबलावर ठेवून आलो; नोकरी सोडली. बाबांना तूच सांग, जरा बेताने.

हल्ली रोज सकाळी एइनोंच्या दारातलं बर्फ काढतो. ते खिडकीतून बघतात. आत बोलावत नाहीत, आणि मीही दार वाजवत नाही.

तुझाच,
लेनार्ट