उयांगाची मांडी आणि पान आठ

प्रति,
मा. बालसंरक्षण अधिकारी,
जिल्हा बालकल्याण कार्यालय,
एर्देनेत.

विषय : कु. उयांगा (वय ७) हिची मांडी कशी मोडली हे चौकशी अहवालात नोंदवण्याबाबत व शुक्रवारच्या तिच्या रवानगीत मला सोबत पाठवण्याबाबत.

संदर्भ : आपला दि. ११ मार्चचा अहवाल, पाने नऊ.

महोदय,

१. मी, खाली सही करणारी खान्दसुरेन, वय ५४, नार बालकेंद्रात अकरा वर्षे अपंग मुलांची आया होते. दि. ५ मार्च रोजी हॉलंडहून आलेले स्वयंसेवक थेरपिस्ट श्री. यॉरिस यांना मी चहाच्या पितळी ओगराळ्याने मारले. हे मला मान्य आहे. ओगराळ्यात उकळता चहा होता, तो आधी अंगावर गेला. पहिला घाव नाकावर, दुसरा ओठावर. तिसरा आठवत नाही, पण अहवालात तीन आहेत, म्हणजे असेल.

२. सदर अहवालाची साडेपाच पाने त्यांचे नाक, दोन दात व चष्मा यांना दिली आहेत. चष्म्याचा नंबरसुद्धा आहे. उयांगाच्या मांडीचे हाड पान आठवर 'इतर बाबी'मध्ये एका ओळीत सापडते : "सदर बालिकेस व्यायामादरम्यान दुखापत." ओगराळे पुरावा म्हणून लाखेने सीलबंद केले आहे आणि त्या दिवसापासून चौदा मुलांना चहा वाटीने काढून देतात, याचीही नोंद नाही.

३. केंद्रात दर तीन आठवड्यांनी परदेशातून नवीन थेरपिस्ट येतो. एकाने पायांना पट्ट्या बांधल्या, पुढच्या बाईंनी त्या कचऱ्यात टाकल्या. तिसऱ्याने मुलांना उभे करायच्या चौकटीत इतके आवळून बांधले की मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. मूल ओरडले की स्नायू जागे होत आहेत असे आम्हाला सांगितले जाई. ही माणसे वाईट नव्हती. येताना फुगे आणत आणि जाताना रडत. पण त्यांचे रडणे विमानात बसले की संपे, आणि मुलांना पुन्हा नव्या हातांखाली जावे लागे.

४. उयांगा जन्मात कधी उभी राहिलेली नाही. अशा मुलांची हाडे ठिसूळ होतात, असे आपल्याच डॉक्टरांनी तिच्या कागदावर लिहिले आहे. म्हणून त्या दिवशी मी दुभाषी मुलगी सोलोंगो हिला म्हणाले, "त्याला सांग, हा पाय ओढू नकोस. हाड मोडेल." तिने काहीतरी सांगितले. श्री. यॉरिस हसले आणि छातीवर हात ठेवून माझ्यापुढे वाकले. काय सांगितलेस विचारल्यावर ती पुटपुटली, "मावशी, मी म्हटलं, तुम्ही त्यांच्या हाताचं कौतुक करताय. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला तोंडावर नको कसं म्हणू? संचालकबाई मला घरी बसवतील."

५. त्यानंतर श्री. यॉरिस यांनी एक गुडघा पलंगावर रोवला व दोन्ही हातांनी पाय सरळ ओढला. शेगडीसाठी काटकी मोडावी तसा आवाज झाला. उयांगाला बोलता येत नाही. तिचे तोंड उघडले आणि आवाज न येता मिटले, ते जिभेवर मिटले. हनुवटीवरून रक्त गळ्यात गेले. पाय मोकळा झाला असे समजून ते आनंदाने काहीतरी बोलले आणि त्यांनी तो पुन्हा ओढला. मग मी शेगडीवरच्या पातेल्यातले ओगराळे उचलले.

६. दुसऱ्या दिवशी संचालक श्रीमती गेरेलमा यांनी मला बोलावून सांगितले, "चुकून कुणाच्या पायाला पाय लागला की मनात राग राहू नये म्हणून आपण लगेच हात मिळवतो ना, ताई? तसा मिळवून टाका. पाहुणे माफ करायला तयार आहेत." मी म्हणाले, "बाई, तिचा पाय मोडलाय. हात मिळवायचाच तर त्यानं तिच्याशी मिळवावा." यास अहवालात 'उद्दाम वर्तन' म्हटले आहे.

७. आता जे कोणी आपणास सांगितलेले नाही ते सांगते. पाय ओढला जात असताना उयांगाचे खांदे मी दाबून धरले होते. श्री. यॉरिस यांनी खुणेने सांगितले, धरा, आणि मी धरले. हाड मोडेल हे त्या खोलीत खात्रीने फक्त मला माहीत होते. पाहुण्याला नको म्हणायची लाज सोलोंगोला होती तशी मलाही होती, आणि मी तर तिच्या दुप्पट वयाची. त्यांना मारताना मी अर्धी स्वतःलाच मारत होते. तरी अहवाल दुरुस्त करताना हाड मोडणाऱ्यांत माझेही नाव लिहावे, ही विनंती.

८. उयांगा आज नऊ दिवस इस्पितळात आहे व तोंडाने काही घेत नाही. शुक्रवारी तिला राजधानीतल्या मोठ्या संस्थेत नेणार आहेत. तिला भरवताना एका हाताचा अंगठा हनुवटीखाली ठेवून जबडा वर धरावा लागतो, दुसऱ्या हाताने मटणाच्या रश्शातली पातळ पेज द्यावी लागते, आणि तिने गिळेपर्यंत थांबावे लागते. एका वाटीला तास लागतो. घाई केली तर घास फुप्फुसात जातो. हे शिकायला मला दोन वर्षे लागली आणि तेवढी मुदत तिच्याकडे नाही. आपल्या आदेशाने मला तिच्यापासून शंभर मीटर लांब राहायचे आहे. आया म्हणून पाठवता येत नसेल, तर आरोपी म्हणून त्याच गाडीतून न्यावे. मारहाणीची शिक्षा मी तिथेच भोगेन. हातकड्या मात्र पाठीमागे न घालता पुढून घालाव्यात, म्हणजे अंगठा हनुवटीखाली पोचतो.

आपल्या निर्णयाची दाराबाहेर उभी राहून वाट पाहणारी,

खान्दसुरेन
(सही)
दि. १४ मार्च २०१९

सोबत :
१. मांडीच्या एक्स-रेची प्रत.
२. लाकडी चमचा, एक. धातूचा दाताला लागला की ती चावते आणि सोडत नाही. अर्ज नामंजूर झाल्यास चमचा तरी तिच्याबरोबर जाऊ द्यावा.