कडुलिंबाचं तळं

उदगीर, ३ मार्च २०२५

चि. सौ. अंबिकेस उमाक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? वीरेशच्या शेततळ्यातले रोहू हातभर झाले. पुण्याची नोकरी सोडून आलेल्या माझ्या लेकाची ही पहिली काढणी. साधली तर इथे राहीन, नाहीतर परत जाईन, असं त्याने सांगून टाकलंय. माझा जीव त्या तळ्यात अडकलाय.

हिवाळ्यात माशांना उवा लागल्या होत्या. बोर्डिंगमध्ये सिस्टर आपल्या डोक्याला कडुलिंबाचं तेल चोळून उन्हात बसवायच्या आणि तू रडायचीस, आठवतं? तेच आठवून मी वीरेशला तळ्यात कडुलिंबाचा अर्क घालायला आणि खाद्यात पाला मिसळायला लावलं. उवा गेल्या. आता तो म्हणतो, विकण्याआधी सुकन्यावहिनीच्या प्रयोगशाळेत मासे तपासून घेऊ. मला हसूच आलं. पाडव्याला आपण चावून खातो तो पाला, त्याची कसली तपासणी? तरी बर्फात घालून घेऊन येतोय. सुनेला सांग, मावससासूच्या औषधाला पास कर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी उमाक्का

नांदेड, ११ मार्च

ती. उमाक्कास शरणु आणि सा. न.

रडायचीस तू, मी नव्हे. वीरेश येऊन गेला. मासे घरात नकोत म्हणून डबा फाटकाबाहेरच ठेवला, शहाणा आहे.

अक्का, मनाला लावून घेऊ नकोस. माशांच्या मांसात कडुलिंबाचा अंश बराच निघाला. मी सुकन्येला तुझंच पाडव्याचं ऐकवलं. ती म्हणाली, पाडव्याला आपण चिमूटभर खातो, आणि काय खातो ते आपल्याला ठाऊक असतं. मासे घेणाऱ्याला कुठे ठाऊक? त्यात कुणी पोटुशी असेल, कुणाचं लेकरू असेल. झाडपाल्याचं औषधही औषधच. किती अंश चालेल हे तिलाही छातीठोक सांगता येत नाही, म्हणूनच ती हो म्हणत नाही. पाला बंद करा, ताजं पाणी सोडत राहा, पुन्हा तपासू. तोवर विकू नका.

तिने वीरेशला आणखी एक विचारलं, चव कशी आहे? आपण पडलो शाकाहारी, तुमच्याकडे कुणी चाखणारंच नाही! मी हसले आणि मग वाईट वाटलं. आई नैवेद्य न चाखता अंदाजाने मीठ घालायची, त्याचा आपल्याला केवढा अभिमान! पण हा नैवेद्य नव्हे गं.

रागावलीस तरी पत्र टाक.
तुझीच अंबी

उदगीर, १९ मार्च

चि. अंबीस आशीर्वाद, जरा रागानेच.

तुझं पत्र आलं तेव्हा व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती. मी म्हणाले, विकून टाक, त्या पोरीला काय कळतंय. वीरेश एवढंच म्हणाला, शेजारच्या चांगुणाबाईंच्या सुनेला सातवा चालू आहे, तिला हे मासे देशील का? तिला तर नाही, मी म्हणाले. गाडी रिकामी गेली. जाताजाता व्यापाऱ्याने टोमणा मारला, खात न्हाईत त्यांनी मासे पाळायचेच कशाला?

बोअरचं पाणी आता तळ्यात जातं. माझा मोगरा वाळला. पुण्याहून फोन आला होता. वीरेश अंगणात जाऊन बोलला. काय बोलला, ते विचारायचा धीर झाला नाही.

सुकन्येला रागाचं सांगू नकोस. आशीर्वाद सांग.
उमाक्का

उदगीर, २२ एप्रिल

चि. सौ. अंबिकेस आणि माझ्या सुकन्येस अनेक आशीर्वाद.

माशांत आता काही सापडत नाही, हा सुकन्येचा निरोप पोचला. वीरेशने सगळ्यांत आधी एक रोहू चांगुणाला दिला. आधी काय घडलं तेही सांगितलं, काही लपवलं नाही. मी तिच्या चुलीपाशी जाऊन बसले. वास सोसेना, पदर नाकाला लावला, पण उठले नाही. ती पहिला घास घोळवत राहिली आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, परीक्षेच्या निकालाला बघायचो तशी. मग तिने मोठी तुकडी सुनेच्या ताटात वाढली आणि मला म्हणाली, कडू न्हाई अक्का, लई ग्वाड हाय, पन मीठ कमी पडलं बगा.

दारात उभ्या वीरेशने खिशातून फोन काढला आणि पुण्याला कळवून टाकलं, येत नाही म्हणून. माझ्यासमोरच.

मी घरी गेले, आपल्या डब्यातलं मीठ आणलं आणि चांगुणाच्या ताटात वाढलं. आई असती तर काय म्हणाली असती, ते मात्र लिहू नकोस. बाकी सगळं लिही.

तुझी उमाक्का