शिक्षकाची मदत

बुधवार, ११ डिसेंबर
प्रयोगशाळा, मधली सुट्टी

प्रिय धाकटे परीक्षकसाहेब,

मोठ्या बहिणीने आधी आशीर्वाद लिहायचा असतो. सध्या माझ्याकडे शिल्लक नाही, त्याच्यावाचून भागवून घे. आईचा गुडघा बरा आहे. तुझा पेपरातला फोटो तिने कापून कपाटाच्या दाराला चिकटवलाय, म्हणजे मला सकाळ सकाळ तुझं दर्शन. फोन केला असता तर तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणून सुटला असतास, म्हणून हा कागद.

गुरुवारचं विज्ञान स्पर्धेतलं भाषण छान झालं हो तुझं. 'सरकारी शाळांच्या बाकांवर उद्याचे शास्त्रज्ञ बसलेत, त्यांना फक्त संधी द्या!' टाळ्या मीही वाजवल्या. तुमच्या कंपनीचे निळे टी-शर्ट पोरांच्या अंगात मीच घातले, फुगेही मीच बांधले. आणि पंधरा मिनिटांनी त्यातला एक शास्त्रज्ञ खरंच तुझ्यासमोर उभा राहिला, तर तुझा विश्वास बसेना.

ती आठवीतली मुलगी. दप्तरात कायम पक्कड असते, म्हणून वर्गात तिचं नावच 'पक्कड'. आमच्या मुलींच्या संडासाची टाकी बारा वाजताच रिकामी होते आणि शिपायाला ते कळतं चार वाजता. तिने फुटक्या फ्लशमधला तरंगता गोळा, जुन्या रेडिओचा स्पीकर आणि चार तारा घेऊन घंटा बनवली. पाणी खाली गेलं की ती शिपायाच्या टेबलावर वाजते. महिनाभर आम्ही ती वापरतोय, कळलं? तू मॉडेल उलटं केलंस, तारांचे जोड बघितलेस आणि म्हणालास, "इतकं सफाईदार सोल्डरिंग आठवीतली पोरगी करेल? शक्यच नाही." मग माझ्याकडे वळून, मुख्याध्यापकांसमोर, तिच्यासमोर, हसत हसत: "ताई, हे तू केलंयस. तुझा हात मी कुठेही ओळखेन."

मी गप्प. आणि तू कागदावर लिहिलंस, 'शिक्षकाची मदत. बाद.' झालं! राज्याच्या फेरीला आमच्या शाळेतून एकच नाव जाणार होतं, ते तिचं होतं.

अरे शहाण्या, तिची आई घरी बसून खेळण्यांच्या मोटारींना तारा जोडायचं काम करते. पोत्यांनी माल येतो. ही पोरगी तिसरीपासून आईशेजारी बसून जोड मारतेय, आठवड्याला हजार-बाराशे. तुमच्या अख्ख्या कंपनीत कुणाचा बसला नसेल इतका हात बसलाय तिचा. एका शब्दाने विचारलं असतंस तर तिने तिथल्या तिथे करून दाखवलं असतं. पण नाही! नाकाने कांदे सोलायची सवय.

त्या दिवसापासून ती शाळेत नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले की मुख्याध्यापकांना तुमची कंपनी शाळेला देणार असलेले कॉम्प्युटर हवे होते, त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं, मी काय करणार. शनिवारी तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "बाई, ती खोटं बोलत नव्हती हे तुम्हाला माहीत होतं. मग तोंड का नाही उघडलं?" पक्कड मान खाली घालून तारा जोडत होती, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिथून निघाले आणि खाली जिन्यात उभी राहून रडले.

मुख्याध्यापकांचं कारण अर्धंच खरं आहे. मी बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की बाईंचा हात साहेबांना कसा काय ओळखता येतो?

तू सातवीत होतास, मी दहावीत, याच शाळेत. तुझं ते वाहतुकीच्या दिव्यांचं मॉडेल. बोट भाजलं म्हणून तू भोकाड पसरलंस आणि तीन दिवस बसून सगळं मी केलं. बाबा म्हणाले, "त्याच्या नावाने ठेव, तुला काय करायचंय बक्षीस?" त्यावर तुला शिष्यवृत्ती मिळाली, मोठी शाळा मिळाली. मला तुझं कौतुकच वाटलं तेव्हा, अगदी मनापासून. पुढे तीस वर्षं घरात कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. गुरुवारीही मी त्याच सवयीने गप्प बसले. अब्रू तुझी झाकली आणि खोटारडी ठरली ती. या शाळेतलं चांगलं काम दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं असं तुला वाटतं, कारण तुझं तसंच होतं. माझा राग आहे तुझ्यावर. माझ्यावर त्याहून जास्त आहे.

सोमवारी पुन्हा गेले आणि हे सगळं त्या दोघींना सांगितलं. पक्कडने पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे बाई, त्या सरांना तेव्हा काहीच येत नव्हतं?"

म्हटलं, "बोलायला छान यायचं."

ती हसली नाही. त्याच संध्याकाळी मी स्पर्धेच्या समितीला सगळं लिहून पाठवलं, तुझ्या त्या जुन्या मॉडेलच्या हकिकतीसकट. तुझी परवानगी मागितली नाही, मागणारही नाही. काल त्यांचा फोन आला. येत्या सोमवारी दोघं जण येतील, तिने त्यांच्यासमोर नवी घंटा सुरुवातीपासून बनवायची. जमली तर तिचं नाव जाईल.

मी धावत तिला सांगायला गेले. येईन म्हणाली. पण एक अट घातली.

"तुम्ही त्या खोलीत थांबायचं नाही, बाई."

बावीस वर्षं शिकवतेय मी. असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिचं चुकलंही नाही. सोमवारी मी बाहेर व्हरांड्यात बसणार आहे. तुला यायचं असेल तर ये. आत तुलाही जागा नाही.

समितीच्या पत्राखाली मी पूर्ण नाव लिहिलंय. इथे नुसतं,

ताई