ब्रिटाच्या गाडीचा विमा

ऑर्ड्विन, नेब्रास्का
१ सप्टेंबर २०१३

ती. आईस जोलीनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कान गेल्यापासून तू एवढाली पत्रं लिहितेस की कर्ट म्हणतो, सासूबाई फोनवर होत्या तेव्हा लवकर आटपायचं.

मोठी बातमी म्हणजे ब्रिटाला लायसन्स मिळालं. तू म्हणालीस तशी बाबांची ब्युइक तिलाच दिली. गाडी फुकट मिळाली, पण विमा अंगावर आला. सोळा वर्षांची मुलगी म्हटलं की विमावाले असे आकडे सांगतात, जणू तिने येता येताच कुणाला तरी उडवलंय. तीन ठिकाणी विचारलं. तिसरा तर हसलाच आणि म्हणाला, काही वर्षं थांबा. कर्ट म्हणाला, मग ट्रॅक्टरवरून जा शाळेत, त्याचा विमा उतरवलेला आहे. लेक दोन दिवस बापाशी बोलली नाही.

शेवटी व्हर्लिन धावून आला. कर्टचा शाळेतला मित्र, चर्चमध्ये देणगीचं ताट फिरवतो तो. गावातली विम्याची कचेरी आता त्याचीच आहे. त्याने निम्म्याहून कमी हप्त्यात पॉलिसी करून दिली. स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढी डबी बसवायची. मुलगी गाडी नीट चालवते की नाही ते ती कंपनीला कळवते, म्हणून ही सूट. पांढऱ्या शर्टात अंगणात उताणा पडून त्याने ती स्वतः बसवली आणि मग मी भाजलेल्या पीच पायचे दोन तुकडे खाल्ले. अशी माणसं हल्ली कुठे मिळतात?

लोभ आहेच, थंडी पडायच्या आत येऊन तो समोर बसून करावास.

तुझी,
जोलीन


यँक्टन, साउथ डकोटा
९ सप्टेंबर

चि. जोलीनला अनेक आशीर्वाद.

ब्रिटाला सांग, गाडीत चिप्सचा चुरा सांडलास तर आजोबा वरून बघतील. माझे गुडघे बरे आहेत. टोमॅटोची चटणी बाटल्यांत भरून ठेवली आहे, कर्टच्या वाट्याची वेगळी, तिखट.

एक विचारते. ती डबी कळवते ते कुणाला? कंपनी म्हटलं तरी शेवटी वाचणारा कुणी माणूसच असेल ना? ऐकू येत नाही म्हणून म्हातारीला शंका फार, असं म्हणशील. म्हण बापडी. पण विचारून ठेव.

माया आहे तिथेच आहे, कमी पडली तर कळव.

आई


ऑर्ड्विन
२४ सप्टेंबर

प्रिय आजीस,

नमस्कार, पापी, आणि मोठी माणसं पत्रात वर जे जे लिहितात ते सगळं.

गाडी झकास आहे. मागच्या सीटला अजून आजोबांच्या तंबाखूचा वास येतो. शाळा सुटली की मी आइस्क्रीमच्या टपरीवर काम करते.

एक गंमत सांगते. मी जाईन तिथे व्हर्लिनकाका हजर. टपरीवर ठीक आहे, तिथे सगळेच येतात. पण दुसऱ्या गावात आमचा व्हॉलीबॉलचा सामना होता, तर तिथेही. माझ्या मैत्रिणीच्या, मेलिंडाच्या शेतावर गेले, तर फाटकाशी त्यांचा राखाडी पिकअप. म्हणून परवा मुद्दाम, कुणाला न सांगता, जुन्या खाणीच्या तळ्यावर एकटीच गेले. थोड्या वेळाने मागून तेच आले. खिडकीत वाकून म्हणाले, तू वेगात होतीस, मला डबीने सांगितलं. बाबांना कळलं तर गाडी विकतील, म्हणून मी गप्प राहीन, आपल्या दोघांत राहू दे. बोलताना त्यांनी काचेवर हात ठेवला होता, त्यामुळे मला काच वर करता येईना.

ही काही फारशी गंमत नाही, हे लिहिताना कळतंय. आता पिकअप मागे दिसला की मी ब्रेक दाबते, म्हटलं पुढे जाऊ देत. ते जात नाहीत.

आईला सांगू नकोस. ती म्हणेल, माणूस एवढी मदत करतो आणि तू त्याला नावं ठेवतेस. नक्की ना?

तुझीच,
ब्रिटा


ऑर्ड्विन
१४ ऑक्टोबर

ती. आईस जोलीनचा सा. न. वि. वि.

मक्याची कापणी चालू आहे, म्हणून उशीर. सगळ्यांच्या केसांत भुसा.

ब्रिटाची काळजी वाटते. काल चर्चनंतर व्हर्लिन आला. सांगू की नको असं करत म्हणाला, पोरगी कारण नसताना दणादण ब्रेक मारते, घरी येताना भलत्याच आडरस्त्यांनी फिरते. असंच चाललं तर हप्ता वाढेल. कर्टने तिला जेवताना फैलावर घेतलं. ती ताटाकडे बघत राहिली. टपरीवरचं कामही तिने परस्पर सोडलंय. कुणी मुलगा आहे का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाली आणि हसली. ते हसू मला आवडलं नाही.

तोडही व्हर्लिननेच काढली. येत्या शनिवारपासून दर शनिवारी सकाळी तो स्वतः तिच्या शेजारी बसून तिला लांबवर गाडी चालवायला नेणार. पैसे नकोत म्हणाला. ब्रिटा साफ नको म्हणाली, तेही त्याच्या तोंडावर. कर्टने तिला माफी मागायला लावली.

आपला लोभ असावा. या खेपेला जरा जास्तच.

जोलीन


यँक्टन
१७ ऑक्टोबर

चि. जोलीन,

आशीर्वाद शेवटी देते. शेजारच्या ओपलला आत्ताच तुला फोन करायला लावलं आहे: शनिवारी ब्रिटाला त्या माणसाबरोबर पाठवू नकोस. का ते ओपलला मी सांगितलेलं नाही, म्हणून तिचं बोलणं तुला विचित्र वाटलं असेल. विचित्र वाटू दे, पण पाठवू नकोस.

सोबत ब्रिटाचं पत्र आहे. तिने सांगू नकोस म्हटलं होतं. तुझं शेवटचं पत्र काढ, हे त्याच्या शेजारी ठेव आणि वाच. पोरगी कारण नसताना ब्रेक मारते, असं त्याने तुला सांगितलं. कारण तिने मला लिहिलंय.

तिला रागावू नकोस. त्याला एका शब्दाने विचारू नकोस. आधी कंपनीला विचार, ती डबी कुणाची.

आता आशीर्वाद. सगळे ब्रिटाला.

आई


ऑर्ड्विन
२७ ऑक्टोबर

ती. आईस जोलीनचा सा. न. वि. वि.

ओपलचा फोन आला तेव्हा मी तुझ्यावर चिडले होते. तरी ब्रिटाला ताप आहे असं सांगून शनिवार टाळला. व्हर्लिन दारात उभा राहून म्हणाला, तिला बघून जातो. मी नको म्हटलं, तरी तो जिन्याकडे बघत राहिला. दुपारी तुझं पत्र आलं. गोठ्यामागे उभी राहून वाचलं.

सोमवारी कंपनीला फोन केला. तिथली बाई म्हणाली, सूट ब्रिटाच्या शाळेतल्या मार्कांबद्दल आहे. डबीचं विचारलं, तर म्हणाली, कसली डबी? आम्ही कुणाच्याही गाडीत काहीही बसवत नाही.

कर्टला तरी पटेना. लहानपणापासूनचा मित्र. मग मंगळवारी ब्रिटाला शाळेत पाठवलं नाही. शाळा सुटायच्या वेळेला तिचं जाकीट आणि टोपी घालून मी ब्युइक काढली आणि खाणीच्या तळ्याशी जाऊन थांबले. कर्ट मागच्या सीटवर आडवा झाला होता. वारा सुटला होता, गाडी हलत होती. मला वाटत होतं, कुणी येणार नाही आणि मी सगळ्यांची माफी मागेन.

पिकअप आला. तो उतरला. केसांवरून हात फिरवत, सावकाश चालत खिडकीशी आला आणि वाकला. मी टोपी काढली. त्याचा चेहरा बदलला नाही, आई. मला झोप लागत नाही ती त्यामुळे. म्हणाला, "जोलीन, ब्रिटा बरी आहे ना? काळजी वाटली म्हणून आलो."

मग कर्ट मागे उठून बसला, तेव्हा कुठे तो मागे सरला.

डबी शेरीफने नेली. बघतो म्हणाला. व्हर्लिनची कचेरी बंद आहे. तो भावाकडे गेला, असं त्याची बायको सांगते. कुठला भाऊ ते कुणालाच ठाऊक नाही. चर्चमध्ये आमच्या बाकावर कुणी बसलं नाही. ब्रिटा म्हणते, तो एकदा दार उघडून शेजारी येऊन बसला होता, तेवढंच. ती सांगेल तेवढंच मी ऐकते. गाडीला ती हात लावत नाही.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. गावातल्या आणखी किती कोवळ्या मुलींचे विमे त्याने स्वस्तात करून दिले असतील, हा प्रश्न मला बुधवारी सुचला. आधी आमच्या गावातल्या डोरीनकडे गेले. तिची थोरली केल्सी मागच्या हिवाळ्यात शाळा अर्धी टाकून ओमाहाला मावशीकडे गेली, ती नाताळलाही आली नाही. आम्ही सगळे म्हणत होतो, डोक्यात हवा गेली. डोरीनने उभ्याउभ्याच सगळं ऐकलं. मी विचारलं, केल्सीची गाडी कुठे आहे. ती म्हणाली, धाकटी चालवते, ऑगस्टपासून.

माझ्या गाडीतून दोघी तिला शोधायला निघालो. शाळेच्या मैदानामागे सापडली. एकटीच होती, काच लावून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. डोरीनने दार उघडलं. आम्ही काही विचारायच्या आत ती पोरगी म्हणाली, "मी कुणाला काही बोललेले नाही. काकांना सांगा, मी खरंच कुणाला काही बोललेले नाही."

लोभ असू दे, आई. आणि ये. ओपलला सांगून बसचं तिकीट काढ.

तुझी,
जोलीन