गुडघ्याचं दुखनं

योगिनीताई,

हे तुले धाडनार नाई. वाचल्याबरोबर तू माह्या सासरी फोन लावशीन.

माह्या छातीत गाठ लागली. डॉक्टरीनबाईनं वाशीमले सोनोग्राफीसाठी मंगळवार देल्ला, अन् आज कुठं शुक्रवार. घरात ते नाव तोंडातून निघालं नाई, म्हून गुडघा दाखवाले जातो म्हनलं. तवापासून अख्खं घर माह्या गुडघ्याच्या मांगं लागलं. ह्यायनं मंगरूळपीरहून पट्टा आनला. शेजारीन निरगुडीचा पाला देऊन गेली. मी बी लंगडून राह्यली, अन् कोन्ता पाय दुखते तेच इसरून जातो. माहा जीव गाठीपाशी अडकला अन् सारे खाली गुडघ्याकडं पाहून राह्यले. कटाळली मी, ताई.

आज दुपारी सासूबाई तेल घेऊन बसल्या. मी पुन्हा भलताच पाय पुढं केला. त्यायनं तो बी गुमान चोळला. मंग वर न पाहता म्हनल्या, "दिवसभर हात बगलेकडं जाते तुहा. गाठ कोन्त्या बाजूले हाये?"

मी डाव्या बाजूवर हात ठेवला.

"मंगळवारी मी येतो संगं," त्या म्हनल्या. "तवरोक एकाच पायानं लंगडत जाय."

तुही,
वर्षाराणी