धाकट्याला वळण

३ मार्च, सकाळी ७
आई जाऊन महिना झाला. धाकटा भाऊ कालपासून आमच्याकडे. वय एक्केचाळीस, बुद्धी चार वर्षांच्या पोराची. आई त्याला दर दोन तासांनी हाताला धरून बाथरूमला न्यायची. नुसते लाड! ताईला फोनवर सांगितलं, ऑफिसात साठ माणसं सरळ केली, हा तर घरचा. आठ दिवस पुरेत.

४ मार्च
सोफा ओला. त्यालाच पुसायला लावला. रडला. ही म्हणाली, "अहो, तो तुम्हाला सांगायला घाबरतो." म्हटलं, जेवण मागताना बरा घाबरत नाही!

५ मार्च
टाइमटेबल करून भिंतीवर लावलं. सहा, दहा, दोन, सहा. लॅमिनेट केलंय. ही म्हणते, त्याला वाचता येत नाही. मुद्दा तो नाही.
१०.४०. पॅसेजमध्ये. टाइमटेबलच्या बरोब्बर खाली.

६ मार्च
मूळ सापडलं. पाणी! दिवसाला दोन ग्लास, चहा बंद. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आईला चाळीस वर्षांत सुचलं नाही.

७ मार्च
साहेब सपत्नीक आले. धाकट्याला डायपर घालून मागच्या खोलीत बसवलं, बाहेरून कडी. तासभर दार बडवत होता. साहेबांना म्हटलं, शेजारी सुताराचं काम चाललंय.

९ मार्च
दोन दिवस कोरडा! ताईला कळवलं. काय केलंस, म्हणाली. म्हटलं, मेथड. आता दंगाही नाही, पडून असतो. दुपारी नळाला तोंड लावताना सापडला. दोन ठेवून दिल्या. हलक्याच.

१० मार्च
ताप. लघवीत रक्त. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, याचं पाणी कुणी तोडलं? म्हटलं, हा पीतच नाही हो. तेवढ्यात धाकट्याने त्यांच्या टेबलावरचा ग्लास एका दमात रिकामा केला, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं. बाईंनी कागदावर बरंच काही लिहिलं. बायकांना शिस्तीचं वावडंच.

१२ मार्च
ताई आली. त्याचे कपडे भरले, त्याला घेऊन गेली. हीपण गेली सोबत. चार दिवस मदतीला, म्हणाली.

२० मार्च
हिचा फोन. अजून महिनाभर तरी येत नाही. धाकट्याचा ताप उतरला, कपडे ओले होत नाहीत. फक्त बाथरूमच्या दाराशी थांबून दर वेळी विचारतो, "दादा घरात नाही ना?"
म्हणजे आठवण काढतो. शेवटी रक्ताचं नातं.